नखाएवढ्या संगणकाला कळणारी सोपी भाषा



मोबाईलवरून मोटर चालू-बंद करणारी पेटी आता गावोगावच्या विहिरींवर दिसते. रात्री लाईट आली की घरूनच फोन लावायचा, मोटर सुरू. साप-विंचवाच्या रानातून अंधारात जाण्याची दगदग वाचली. सोय मोठी आहे, यात शंका नाही.

पण ही पेटी ऐन हंगामात रुसली म्हणजे काय होते, हेही तुम्ही जाणताच. भुईमूग पाण्याला आलेला असतो, लाईटची पाळी ठरलेली असते, आणि पेटी दुरुस्त करणारा माणूस "उद्या येतो" म्हणून सांगतो. झाकण उघडून पाहावे, तर आत एक हिरवी पट्टी, तिच्यावर कपाळाच्या टिकलीएवढा काळा चौकोन. वायर तुटली तर आपल्याला जोडता येते, फ्यूज गेला तर बदलता येतो. या काळ्या चौकोनापुढे मात्र आपण हात टेकतो.

तो चौकोन म्हणजे पेटीची अक्कल. ती अक्कल त्यात घालण्याची विद्या पूर्वी इंजिनिअरांपुरतीच होती. गेल्या दहा-बारा वर्षांत त्यात फरक पडला आहे. शाळेतल्या मुला-मुलींना वाचता येईल अशा भाषेत या चौकोनाशी बोलता येऊ लागले आहे. ही गोष्ट शेतकरी घरात माहीत असायला हवी, म्हणून हा लेख.

टिकलीएवढा संगणक

या काळ्या चौकोनाला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. हा पुरता संगणकच असतो. विचार करणारा भाग, आठवण ठेवणारा भाग आणि बाहेरच्या जगाशी जोडणाऱ्या तारा, सगळे एकाच चिपमध्ये. चिपच्या या तारांना पिना म्हणतात. काही पिनांवरून चिप बाहेरची खबर घेते, म्हणजे पाणी किती, उष्णता किती. काहींवरून हुकूम सोडते, म्हणजे दिवा लाव, घंटी वाजव.

मात्र याची आठवण फार तोकडी. रास्पबेरी पाय पिको नावाचा एक बोर्ड जानेवारी 2021 मध्ये 4 डॉलर किमतीला बाजारात आला. त्यावरच्या चिपची चालू कामाची आठवण 264 किलोबाइट आहे. तुमच्या हातातला हा लेख तिच्यात साठवायचा म्हटले, तर असे सहा-सात लेख मावतील, पुढे जागा नाही. साध्या 4 जीबीच्या मोबाईलची आठवण याच्या सुमारे 16 हजार पट असते. इतक्या लहान घरात मोठ्या संगणकाची भाषा कशी नांदवायची, हा प्रश्न होता.

दुभाषी कोठे बसवायचा?

कोणत्याही चिपला मुळात फक्त आकड्यांचे हुकूम कळतात. माणसाला ती भाषा बोलणे अवघड, म्हणून मध्ये दुभाषी लागतो. हा दुभाषी दोन तऱ्हांनी काम करतो.

पहिली तऱ्हा अशी समजा. परमुलखातल्या माणसाला पत्र धाडायचे आहे. तुम्ही मराठीत लिहिले, शहरातल्या जाणकाराकडून त्याच्या भाषेत करून घेतले आणि टपालात टाकले. पत्र वाचताना त्याला अडचण नाही, वाचनही झटपट होते. पण एक शब्द बदलायचा झाला, तर पुन्हा शहर, पुन्हा जाणकार, पुन्हा टपाल. सी नावाची भाषा या तऱ्हेची आहे. ती 1970 च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत तयार झाली. चिपसाठी लिहिलेले बरेचसे काम आजही तिच्यातच होते, कारण ती जागा थोडी खाते आणि वेगाने चालते.

दुसरी तऱ्हा म्हणजे दुभाष्यालाच त्या माणसाच्या घरी राहायला पाठवायचे. मग तुम्ही एक वाक्य बोला, तो लगेच समजावून सांगेल, उत्तरही लगेच येईल. चुकले तर जागीच दुरुस्त करा. पायथन ही भाषा या तऱ्हेची. नेदरलँड्समधील गीडो व्हान रॉसम यांनी ती रचली आणि 1991 मध्ये लोकांपुढे ठेवली. तिचे स्वतःचे राखीव शब्द पस्तीसच्या आसपास आहेत. इफ म्हणजे जर, एल्स म्हणजे नाहीतर, व्हाइल म्हणजे तोवर, असे साधे शब्द. पोटातले वाक्य थोडे आत सरकवून लिहायचे, म्हणजे कोणते काम कोणत्या कामाच्या पोटात आहे ते नजरेलाच दिसते.

अडचण एकच होती. हा दुभाषी अंगाने दांडगा. मोठ्या संगणकात तो आरामात राहतो, पण चिपच्या खोपटात त्याला पाय पसरायलाही जागा नाही.

केंब्रिजमधील खटपट

डेमियन जॉर्ज हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे पदार्थशास्त्रज्ञ. इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे असताना 2013 मध्ये त्यांनी हा प्रश्न हाती घेतला. जुना दुभाषी कापून लहान करण्याऐवजी त्यांनी लहान घर डोळ्यांपुढे ठेवून नवा दुभाषी पहिल्यापासून रचला. त्याचे नाव मायक्रोपायथन. साठवणीची 256 किलोबाइट आणि चालू कामाची 16 किलोबाइट जागा असली तरी तो संसार करू शकतो.

या कामासाठी त्यांनी 2013 च्या अखेरीस इंटरनेटवरून लोकवर्गणी मागितली. हवे होते 15 हजार पौंड. एक हजार नऊशेच्या वर लोकांनी मिळून सुमारे 98 हजार पौंड दिले. आपल्याकडे मंदिराच्या जीर्णोद्धाराला गाव वर्गणी काढते, तसाच हा प्रकार. वर्गणी देणाऱ्यांना जॉर्ज यांनी पायबोर्ड नावाची पट्टी दिली आणि दुभाष्याचे सगळे लेखन जगाला मोकळे करून टाकले. ते कोणीही फुकट घ्यावे, वाचावे, बदलावे, त्यावर स्वतःची वस्तू करून विकावी, आडकाठी नाही.

पुढे 2016 मध्ये ब्रिटनमध्ये मायक्रोबिट नावाची लहानशी पट्टी 11-12 वर्षांच्या सुमारे 10 लाख मुलांना वाटण्यात आली. पहिल्या मायक्रोबिटची चालू आठवण फक्त 16 किलोबाइट, तरी तिच्यावरही मायक्रोपायथन चालली. या वाटपामागे ब्रिटनची बीबीसी ही नभोवाणी संस्था होती. 1981 मध्ये तिने बीबीसी मायक्रो हा संगणक घरोघरी आणि शाळांत पोचवला होता. तोच संगणक 1984 पासून भारत सरकारच्या योजनेतून आपल्या देशातील काही शाळांतही आला होता, हे जुन्या शिक्षकांना आठवत असेल.

युरोपच्या अंतराळ संस्थेनेही यानावरच्या संगणकात ही भाषा वापरता येईल का, हे तपासण्यासाठी जॉर्ज यांच्या कामाला पैसा पुरवला. तेव्हा ही केवळ पोरांच्या खेळण्यातली भाषा नव्हे, हे ध्यानात घ्या.

एक काम करून पाहू: हौद भरला, घंटी वाजली

नुसते वर्णन ऐकून पोहता येत नाही. म्हणून एक साधे काम घेऊ. रात्री लाईट येते, मोटर आपोआप सुरू होते, घर झोपलेले असते आणि हौद भरून पाणी अंगणभर होते. हौद भरला की घंटी वाजावी, एवढेच आपल्याला हवे आहे.

लागणारे साहित्य असे: एक पिको बोर्ड, एक यूएसबी केबल, पाण्यावर तरंगणारा लहान फ्लोट आणि कमी विजेवर चालणारी 3 व्होल्टची छोटी घंटी. घंटी आणण्यापूर्वी बोर्डावरचाच बारीक दिवा लावून पाहावे, म्हणजे खर्च न होता हात बसतो.

बोर्डावर एक पांढरे बटन असते. ते दाबून धरून केबल संगणकाला जोडली की बोर्ड पेन ड्राइव्हसारखा दिसू लागतो. मायक्रोपायथनची फाइल त्यात टाकली की दुभाषी घरात शिरला. हे एकदाच करायचे. मग थॉनी नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्राममध्ये "दिवा लाव" अशा अर्थाचे एक वाक्य टाइप करून एंटर दाबा. दिवा त्याच क्षणी लागतो. मुलांचे डोळे कसे चमकतात ते पाहा!

आता हौदाचे काम. ते प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांत लिहायचे असते, पण त्याची मांडणी मराठीत अशी होईल:

सतत करीत राहा:
— जर फ्लोट वर आला असेल तर:
— — घंटी वाजव
— नाहीतर:
— — घंटी बंद ठेव
— एक सेकंद थांब

बस्स. यात न समजण्यासारखे काही आहे का?

कोणी चाणाक्ष वाचक म्हणेल, "अहो, फ्लोट आणि घंटी सरळ तारेने जोडली तरी हेच होईल. त्याला संगणक कशाला?" अगदी बरोबर. जे काम नुसत्या तारेने होते, त्यात चिप घालू नये. तो पैशाचा अपव्यय आहे.

पण आता पुढे पाहा. पाण्याला लाटा येतात, फ्लोट वरखाली होतो, घंटी उगाच टिणटिण करते. तेव्हा "फ्लोट सलग पाच सेकंद वर राहिला तरच वाजव" असे एक वाक्य वाढवायचे. घरात तान्हे बाळ आहे, तर "दहा वेळा वाजव आणि गप्प बस" असे लिहायचे. मोटर सुरू होऊन तासभर झाला तरी हौद भरला नाही, म्हणजे विहिरीचे पाणी खाली गेले किंवा पाइप फुटला. तेव्हा वेगळ्या सुरात वाजव. हा विचार तारेला करता येत नाही, चिपला करता येतो. आणि तो बदलायला तालुक्याला जावे लागत नाही. घरातली नववीतली मुलगी चहा होईपर्यंत बदलून देईल.

जमिनीतील ओल मोजणाऱ्या सेन्सरचेही असेच. पिकोवर मायक्रोपायथन अशा सेन्सरचे माप 0 ते 65535 या आकड्यांत देते. कोणता आकडा म्हणजे कोरडे आणि कोणता म्हणजे वाफसा, हे पुस्तक सांगू शकत नाही. काळ्या जमिनीचा आकडा वेगळा, मुरमाडाचा वेगळा. आपल्याच शेताची माती आधी सुकवून, मग भिजवून, दोन्ही वेळचे आकडे वहीत लिहा आणि तेच प्रोग्राममध्ये घाला. इथे इंजिनिअरपेक्षा मातीची पारख असलेला शेतकरीच जास्त उपयोगी.

मग मोबाईलच का लावू नये?

हा प्रश्न रास्त आहे. मोबाईलवर पायथन पूर्ण रूपात चालते. ऑक्टोबर 2024 मध्ये आलेल्या 3.13 या आवृत्तीपासून तर पायथनच्या मूळ मंडळींनी अँड्रॉइड आणि आयफोन या दोहोंना अधिकृत मान्यता दिली. त्यामुळे मुलांना भाषा शिकायला घरात संगणक असलाच पाहिजे असे नाही. जुन्या मोबाईलवरही धडे गिरवता येतात.

परंतु विहिरीवर बसवायला मोबाईल कामाचा नाही. त्याला सेन्सरच्या तारा सरळ जोडता येत नाहीत. उन्हात बॅटरी फुगते. आणि चालू असलेला प्रोग्राम तो बॅटरी वाचवण्यासाठी केव्हा झोपवील, याचा नेम नसतो. चिपला दुसरे काम नसते, तिला जे सांगितले तेवढेच ती करते.

तेव्हा दोघांची जोडी करावी. चिप विहिरीवर राबेल, मोबाईल तिच्याकडून हिशेब घेईल. पिको डब्ल्यू हा 2022 मधला बोर्ड किंवा ईएसपी32 या चिपचे बोर्ड वाय-फायसह येतात आणि मायक्रोपायथन त्यांवर चालते. मोटर किती मिनिटे चालली, हौद कितीदा भरला, हे मोबाईलवर पाहता येते. वाय-फायचा टप्पा मात्र घर-अंगणापुरता असतो. लांबच्या विहिरीला सिमकार्डाची वेगळी जोडणी लागते.

लाईट गेली, आली, तर?

खेड्यात बसवायच्या कोणत्याही यंत्राची खरी परीक्षा हीच. लाईट गेली की चिप बंद होते. आली की दुभाषी जागा होतो आणि 'मेन' या नावाने ठेवलेला प्रोग्राम आपण होऊन सुरू करतो. बटन दाबावे लागत नाही. पण तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट, पिकोला स्वतःचे बॅटरीवरचे घड्याळ नाही. लाईट गेली की वेळ विसरली. "रात्री दहानंतर" असे काम सांगायचे असेल, तर बटनसेलवर चालणारे घड्याळाचे लहान मॉड्यूल जोडावे.

दुसरी गोष्ट, प्रोग्राम कधी मध्येच अडकतो. त्यासाठी चिपमध्ये राखणदार असतो. त्याला ठरलेल्या वेळेत "मी जागा आहे" असे सांगत राहावे लागते. पिकोवर ही वेळ जास्तीत जास्त आठ सेकंदांच्या आसपास ठेवता येते. खबर आली नाही की तो चिपला गदागदा हलवून पुन्हा सुरू करतो. प्रोग्राममध्ये ही सोय अवश्य लिहा.

तिसरी आणि महत्त्वाची गोष्ट, चिप सुरू होताना पहिला हुकूम नेहमी "सगळे बंद" हाच असावा. खात्री झाल्यावरच पुढचे काम. कोरड्या विहिरीवर मोटर चालण्यापेक्षा ती बंद राहिलेली परवडते.

या भाषेला न झेपणारे काम

सोपेपणाची किंमत द्यावी लागते. दुभाषी जागा खातो आणि मध्ये पडल्याने वेळही खातो. सी भाषेच्या मानाने मायक्रोपायथन कित्येक पट मंद चालते. शिवाय वापरून झालेली आठवण गोळा करण्यासाठी ती मधूनमधून क्षणभर थांबते. घरातली बाई हातातले काम ठेवून केर काढते, तसे. हौद, ओल, उष्णता या गोष्टी मिनिटामिनिटाने बदलतात, तिथे हा क्षण जाणवत नाही. पण एका सेकंदात हजारो वेळा अचूक हुकूम द्यायचा असेल, तर तिथे सी भाषाच हवी. बैलाचे काम बैलाला, घोड्याचे घोड्याला.

विजेशी खेळ नको

हे कळकळीने सांगतो. पिकोच्या पिनांवर 3.3 व्होल्ट असतात, बोट लागले तरी धोका नाही. शेतातल्या थ्री फेज मोटरीला 415 व्होल्ट असतात, तिथे माणूस वाचत नाही. या दोहोंमध्ये रीले आणि स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर असतो, आणि ती जोडणी परवानाधारक वायरमननेच करावी. मुलांनी बॅटरी, दिवा, घंटी आणि सेन्सर एवढ्यातच राहावे. स्टार्टरमधले ओव्हरलोडचे संरक्षण काढून "चिप बघून घेईल" असे कधीही करू नका. चिप ही जादा राखण आहे, मूळ कुंपण नव्हे.

तसेच विकत घेतलेली पेटी उघडून तिच्यात हात घालू नका. तिच्यातला प्रोग्राम सहसा बाहेरून बदलता येत नाही, आणि हमीही जाते. नवी पेटी घेताना मात्र विचारा: बिघडल्यास हिच्याशिवाय मोटर हाताने चालू करता येईल का? दुरुस्ती जवळ कोठे होते? जाणता गिऱ्हाईक पाहिला की दुकानदारही नीट उत्तर देतो.

शिकायचे कोठे?

सुरुवातीचा बोर्ड, केबल आणि फ्लोट काही शे रुपयांत येतात. दुभाषी फुकट, थॉनीही फुकट. जवळच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे का, याची चौकशी करा. 2016 पासून केंद्राच्या नीती आयोगाने देशातील हजारो शाळांना सहावी ते बारावीच्या मुलांसाठी अशा प्रयोगशाळा दिल्या आहेत. केंद्रीय मंडळाच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात पायथनच शिकवतात, तेव्हा हा वेळ अभ्यासालाही लागू पडतो.

पण एक सूचना. हे काम एकट्या पोराच्या हाती सोपवून मोकळे होऊ नका. भाषा त्याला येईल, पण हौद केव्हा भरतो, वाफसा केव्हा येतो, मोटरीचा आवाज केव्हा बदलतो, हे आजोबांना आणि आईला ठाऊक असते. दोघांनी एकत्र बसून आधी कागदावर मराठीत लिहावे: असे झाले तर असे कर. ते लिहिणे जमले की अर्धे काम झाले. उरलेले अर्धे मुले महिन्याभरात शिकतात.

नांगराचा फाळ बसवणे, मोटेचे चाक दुरुस्त करणे, इंजिनाचा पट्टा चढवणे, हे आपल्या आज्या-पणज्यांनी शिकून घेतले, म्हणून त्यांची अवजारे त्यांच्या ताब्यात राहिली. हेही अवजारच आहे. येत्या सुट्टीत एक दिवा लावून पाहा.